सोनेरी थर

भिंगकाकांनी अ‍ॅसिटोनची बाटली खिडकीपाशी नेली, डोळ्यांसमोर सरळ धरली आणि लेबलाच्या कडेला आपणच केलेली पेन्सिलीची खूण शोधली. अ‍ॅसिटोन खुणेच्या दोन बोटं खाली होतं. रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी ही खूण त्यांनी कुणालाही न सांगता केली होती. झाकण घट्ट आहे ना, हे दोनदा पाहून त्यांनी बाटली जागेवर ठेवली, खिशातली डायरी काढली आणि लिहिलं, 'सोमवार. दोन बोटं कमी.' दोन बोटं म्हणजे थोडं नव्हे, तेवढ्यात एक अख्खं चित्र धुऊन निघतं.

संग्रहालयाच्या चित्रदुरुस्ती विभागात त्यांना तीस वर्षं झाली होती. कपाळावर सरकवलेलं जाड भिंग जेवतानाही उतरत नसे, म्हणून माघारी सगळे त्यांना भिंगकाका म्हणत आणि तोंडावर सर. संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंद्यानं लावलेली सवय, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. जुन्या चित्रांच्या कामात भोळा माणूस टिकत नाही, हे मात्र खरं. कुठे सही नंतर घुसडलेली असते, कुठे रंगाखाली ठिगळ दडवलेलं असतं. अशी कितीतरी सोंगं त्यांनी उघडी पाडली होती. रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. ते एखाद्या रंगाला राखाडी म्हणाले, की संचालकसुद्धा निमूट राखाडी म्हणत.

ते सहा आठवडे रजेवर होते ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. उजवा डोळा झाला होता, डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. डॉक्टरांनी रसायनांच्या वाफेत जायला सक्त मनाई केली होती, नाहीतर हे गृहस्थ तिसऱ्या दिवशीच कामावर हजर झाले असते. त्यांचा जीव त्या मिठागराच्या चित्रात अडकला होता.

चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं, चांगलं पुरुषभर रुंद. पुढे मिठाच्या राशी, राशींपाशी वाकलेल्या तीन बायका, मागे सगळं आभाळ. त्यावर जुन्या राळेचा थर पिवळा पडून पार तपकिरी झाला होता. दोन वर्षं खपून त्यांनी तो वरून हलकेच काढला, पण अगदी शेवटचा, पापुद्र्याएवढा थर मुद्दाम ठेवला. चित्राला त्याचं वय दिसलं पाहिजे, तेवढा सोनेरी थर राहूच दे, असं त्यांनी बजावलं होतं. जिथे रंगाचे पोपडे उडाले होते तिथे त्यांनी ठिपका ठिपका लावून जागा भरल्या. आता एकच काम उरलं होतं, वरचा संरक्षक थर देण्याचं, आणि ते काम विभागातल्या केमिस्टचं होतं.

केमिस्ट म्हणजे एक चाळिशीची, कमी बोलणारी बाई. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या गावची पक्की नोकरी सोडून ती इथे कंत्राटावर आली होती. काचेसारखा स्वच्छ राहणारा, उन्हापासून रंग वाचवणारा आणि शंभर वर्षांनी कुणाला नको झाला तर साध्या स्पिरिटनं पुसून टाकता येईल असा लेप तिनं तीन वर्षं धडपडून तयार केला होता. आपण चित्रावर जे लावतो ते काढता आलंच पाहिजे, हा धडा तिला पहिल्या दिवशी भिंगकाकांनीच दिला होता. लेपाचा पहिला मोठा प्रयोग मिठागरावर होता. तो भिंगकाका रजेवर असताना झाला, आणि सोमवारी सकाळी त्यांनी चित्रावरचं कापड बाजूला केलं तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

सोनेरी थर नव्हता. राशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आभाळ निळंशार आणि थंड झालं होतं. बायकांच्या पाठीवरचं ऊनसुद्धा कुणीतरी काढून नेलं होतं. आणि त्या पांढऱ्या राशींवर त्यांनी स्वतः लावलेले ठिपके तेवढे पिवळसर, वेगळे दिसत होते. आजूबाजूचं सोनं पुसलं गेलं होतं आणि सोन्याशी जुळवलेले ठिपके जागच्या जागी राहिले होते. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

"तुम्ही याच्यावरून काय काढलंत?" त्यांनी विचारलं.

सात वर्षं ते तिला अगं-तुगं करत आले होते. ते 'तुम्ही' ऐकून तिनं हातातला चंबू खाली ठेवला.

"काही नाही, सर. धूळ झटकली आणि लेप फवारला. दोन वेळा, मध्ये एक दिवस सोडून."

"आणि अ‍ॅसिटोन कुठे गेलं?"

ती म्हणाली, काचसामान धुतलं, शिवाय उन्हाळ्यात थोडं उडतंच. उत्तर तयार होतं, आणि तयार उत्तराचा भिंगकाकांना भारी राग. त्यांना सगळं लख्ख दिसू लागलं. जुना थर खाली राहिला तर हिचा लेप उठून दिसणार नाही. पाहुणे आले की चित्र कसं झगमगलं पाहिजे, म्हणजे लेपाचं नाव होईल. आपली पाठ वळताच हिनं केसानं गळा कापला.

मंगळवारी त्यांनी खोलीचे पडदे ओढून चित्रावर अतिनील दिवा धरला. जुनी राळ त्या दिव्यात हिरवट चमकते, हे या खोलीतल्या झाडूलाही ठाऊक असेल. चित्र काळंच राहिलं. केमिस्ट मागून शांतपणे म्हणाली, की तिचा लेप नेमका तोच प्रकाश शोषून घेतो, रंग त्यानंच तर वाचतात. त्यामुळे खालची चमक आता वर दिसणार नाही. कुठे नखाएवढी जागा पुसून बघायची असेल तर ती काडी-कापूस आणते.

"सोयीचं आहे," भिंगकाका म्हणाले. पुसायची जागाही तुम्हीच दाखवाल, आणि तिथे थर नेमका असेलच, असंही त्यांनी ऐकवलं. तिनं आधीचे फोटो काढून समोर ठेवले. फोटोतही राशी पांढऱ्या आणि आभाळ निळं. भिंगकाकांनी फोटो भिंगाखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणजे फोटोही बदलले तर. त्यांना तिच्या तयारीचं एक प्रकारे कौतुकच वाटलं.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली आणि संचालकांच्या टेबलावर ठेवली. संचालक भित्रा माणूस, वाचताना त्यांना घाम फुटला. गुरुवारी अकरा वाजता ते स्वतः आणि दोन विश्वस्त चित्रासमोर बसून चौकशी करतील, असं ठरलं. संचालकांनी एवढंच विचारलं, की सर, पुन्हा एकदा विचार करणार का? कारण आरोप खरा ठरला तर तिचं कंत्राट तर जाईलच, पण मूळ चित्राला हात लावला असा शिक्का बसलेल्या माणसाला कुठल्याही संग्रहालयाचं दार पुन्हा उघडत नाही. भिंगकाका म्हणाले, तेच व्हायला हवं.

बुधवारी त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं तर ती त्यांच्या ठिपक्यांवर रंगमापक यंत्र टेकवून आकडे एका निळ्या वहीत उतरवत होती. मूळ रंगांवर नाही, फक्त त्यांच्या ठिपक्यांवर. मग वही खणात गेली आणि खणाला कुलूप लागलं. म्हणजे आपल्याविरुद्धही तयारी चालू आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी डायरीत 'निळी वही' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

घरी तरी कुठे स्वस्थता होती? सहा आठवडे काकूंनी नुसता छळ सोसला होता. दूध पातळ येतंय, दूधवाल्यानं हात मारायला सुरुवात केलीय. उशीचे अभ्रे बदललेस का? माझे बनियन इतके पांढरे कसे, कुणाचे आणलेस? भिंतीला रंग कधी दिला, मला न विचारता? काकू पहिले काही दिवस उत्तरं देत होत्या, नंतर नुसतं हूं म्हणू लागल्या. घरात बसून माणूस किरकिरा होतो, कामावर गेले की थांबेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते काही थांबलं नाही, उलट वाढलंच.

बुधवारी संध्याकाळी भिंगकाका खिडकीपाशी बसून उद्याचे मुद्दे मांडत होते. काकू बाहेर निघाल्या होत्या, शेजारणीकडे. त्यांनी खांद्यावर शाल घेतली.

"ही कधी घेतलीस?" भिंगकाकांनी मान वर केली.

"काय?"

"ही निळी शाल."

काकूंनी शालीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नवी कुठली? तुमची हिरवी शाल आहे ही."

"ही हिरवी? ही निळी आहे."

"अहो, मी पहिल्यापासून निळीच म्हणत होते. दुकानदारानं निळी म्हणून दिली. तुम्ही म्हणालात हिरवी. रंगातलं तुम्हाला कळतं, म्हटलं असेल हिरवी. आता तर शेजारणीलाही मी हिरवीच सांगते. ती बिचारी हसते आणि गप्प बसते."

काकू हे सहज बोलून गेल्या. पायांत चप्पल सरकवताना त्यांनी मागे पाहिलं, तर नवऱ्यानं उजव्या डोळ्यावर तळहात धरला होता.

डाव्या डोळ्याला शाल हिरवी दिसली. भिंत तीच ती जुनी, दुधाच्या सायीच्या रंगाची. भिंगकाकांनी हात डाव्या डोळ्यावर नेला. शाल निळी झाली, भिंत पांढरी झाली. त्यांनी पुन्हा हात बदलला. कितीतरी वेळ ते हात बदलत राहिले. काकूंनी काय होतंय म्हणून विचारलं, डॉक्टरांना बोलवू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी एक छापील कागद दिला होता. आता रंग थोडे निळसर, उजळ दिसतील, आधीच्या डोळ्यातल्या पिवळेपणाची सवय झालेली असते, असं काहीतरी त्यात होतं. सामान्य माणसांसाठी लिहिलेलं म्हणून त्यांनी तो पुस्तकात खूण म्हणून घातला होता.

सोनेरी थर चित्रावरून कुणी नेला नव्हता. ऑपरेशनआधी होता त्याहून कितीतरी जास्त त्यांना तो दिसत आला होता, कारण बाकीचा त्यांच्या डोळ्यात होता. आपल्याला लाज वाटते आहे, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला, कारण ती सवय नव्हती. आणि मग लाजेच्या पाठोपाठ भीती आली. ठिपके! त्यांचे ठिपके पिवळे होते, ते आजूबाजूचं काही पुसलं गेलं म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी चित्राचं वय दिसावं म्हणून ते रंगात कुंचल्याच्या टोकाएवढा पिवळा घालत, आणि तो जास्त झालेला त्यांना दिसतच नव्हता. डोळे कधीपासून असे होते कोण जाणे. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि काकूंनी शाल घडी करून कपाटात अगदी मागे ठेवली.

गुरुवारी नऊलाच ते विभागात आले. केमिस्ट आधीच आली होती आणि आपलं टेबल आवरत होती. तिनं पुस्तकं एका खोक्यात भरलेली पाहून त्यांना बोलायला जड गेलं.

"ती निळी वही दाखवतेस?"

तिनं कुलूप काढलं आणि वही दिली. तीन वर्षांची पानं होती, अकरा चित्रं, प्रत्येक चित्रातल्या त्यांच्या ठिपक्यांचे आकडे आणि शेजारी मूळ रंगाचे. भिंगकाकांना आकडे वाचता येत होते. पहिल्या चित्रात फरक थोडा होता, पुढे तो वाढत गेला होता आणि मिठागरापाशी सर्वांत जास्त होता. सगळा फरक एकाच बाजूला, पिवळ्याच्या.

"आधी मला वाटलं तुमचे रंग खराब आहेत, सर," ती म्हणाली. "लावल्यावर पिवळे पडत असतील. म्हणून मी ते तपासले. उन्हात ठेवले, वाफेत ठेवले."

"मग?"

"रंग चांगले निघाले."

मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. एकदा सांगितलं होतं, ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी, याच टेबलापाशी. तुम्ही म्हणालात, यंत्राला डोळे नसतात. आणि सगळे हसले. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. भिंगकाकांना तो प्रसंग आठवत नव्हता, पण वाक्य आपलंच आहे हे त्यांनी ओळखलं.

"म्हणून मग मी दरवेळी तुमच्या ठिपक्यांआधी मूळ चित्रावर एक मधला पारदर्शक थर द्यायला लावला," ती म्हणाली. "तुम्ही चिडायचात. पण त्यामुळे तुमचं सगळं निघतं, सर. मूळ चित्राला काही होत नाही."

अकरा वाजता संचालक दोन विश्वस्तांना घेऊन आले. तिघे खुर्च्यांवर बसले, केमिस्ट भिंतीशी उभी राहिली. संचालकांनी तक्रारीचा कागद उघडला, तेवढ्यात भिंगकाका म्हणाले की तक्रार वाचू नका, ती खोटी आहे. संचालकांचा चेहरा एकदम उजळला. दोघा विश्वस्तांकडे बघत ते घाईघाईनं म्हणाले, की मोठ्या माणसांचेही गैरसमज होतात. सरांनी कागद मागे घेतला, विषय संपला. बाईंचं कंत्राटही आजच पुढे चालू करू. वाटल्यास चहा मागवतो.

आणि विषय खरोखर संपला असता. तिची नोकरी राहिली असती, त्यांचं नाव राहिलं असतं. खालच्या दालनात टांगलेल्या दहा चित्रांकडे लोक आदरानं बघत राहिले असते. निळी वही खणात गेली असती, आणि ती मूग गिळून गप्प बसली असती, हेही त्यांना माहीत होतं. भिंगकाकांनी कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"चहा नंतर," ते म्हणाले. "आधी कापूस दे गं मला. आणि साधं स्पिरिट."

तिनं काडीला कापूस गुंडाळून, भिजवून दिला. पुढच्याच राशीवरचा एक ठिपका निवडून त्यांनी काडी हलकेच गोल फिरवली. आधी वरचा लेप विरघळला, मग ठिपका सुटला आणि त्याखालची भरलेली पांढरी जागा उघडी पडली. कडेच्या रंगाला धक्का लागला नाही, तीस वर्षांचा हात होता तो. मग त्यांनी पडदे ओढायला सांगितले आणि अतिनील दिवा लावला. सगळं चित्र काळं होतं. फक्त जिथे लेप पुसला गेला होता, त्या नखाएवढ्या जागेच्या कडेनं हिरवट चमक उठली.

"हा जुना थर," भिंगकाका अंधारात म्हणाले. "जसा ठेवला होता तसाच आहे. हिनं त्याला बोट लावलं नाही. वाईट केलंय ते मी केलंय, या चित्रात आणि खालच्या दहा चित्रांत. माझा डोळा पिवळा झाला होता आणि मला कुणी विचारू नये अशी मी व्यवस्था करून ठेवली होती."

विश्वस्तांपैकी एकजण खोकला. पडदे उघडले गेले. संचालक कागदाची घडी घालत होते, घडी पुन्हा उलगडत होते.

भिंगकाकांनी ती काडी खिडकीच्या उजेडात धरली. एकदा एका डोळ्यावर हात ठेवला, एकदा दुसऱ्यावर. मग काडी केमिस्टपुढे केली.

"तू बघ," ते म्हणाले. "कोणता रंग आहे?"

तिनं काडी हातात घेतली, नीट उजेडात नेली आणि पुरता वेळ घेऊन पाहिलं.

"पिवळा आहे, सर. थोडा जास्तच."

"लिही," भिंगकाका म्हणाले आणि दुसऱ्या काडीसाठी हात पुढे केला.